आरे, ऑक्टोबर २०१९: हाक फोनवरून, ओ फाटकापाशी

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, नवरात्रातली सहावी माळ. सोसायटीतला गरबा थांबून लाउडस्पीकरच्या वायरी गुंडाळल्या जात होत्या, तेवढ्यात माझ्या फोनवर एक व्हिडिओ आला. उघडला तर पडदा जवळजवळ काळा. कुठेतरी एक पिवळट दिवा हलतोय, झाडाचा बुंधा असावा असा एक पट्टा दिसतोय, बाकी काही नाही. पण आवाज होता. यंत्रकरवतीची घरघर, मध्येच तिचा चढणारा सूर, मग क्षणभर शांतता, आणि फांद्या मोडत काहीतरी जड खाली आल्याचा आवाज. पुढच्या अर्ध्या तासात तोच व्हिडिओ मला चार वेगवेगळ्या गटांतून आला. चित्र नसलेला तो व्हिडिओ मी चारही वेळा शेवटपर्यंत पाहिला.

त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत होणाऱ्या वृक्षतोडीविरुद्धच्या चारही याचिका फेटाळल्या होत्या. निकालानंतर काही तासांतच अंधारात तोड सुरू झाली. सोमवारी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर मेट्रो महामंडळाच्याच सांगण्यानुसार २१४१ झाडं आडवी झाली होती. परवानगी होती २१८५ झाडं तोडायची. म्हणजे स्थगिती आली तेव्हा परवानगीतली फक्त ४४ झाडं उरली होती.

या चार दिवसांचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. सोशल मीडियाने लोक जागे केले असं म्हणणारे आरेचं नाव घेतात, आणि फोनवर बसून झाडं वाचत नाहीत असं म्हणणारेही आरेचंच नाव घेतात. मी ते दिवस फोनवरही काढले आणि नंतर त्या रस्त्यावर जाऊनही पाहिले. मला दिसलं ते असं: फोनने हाक लांबवर पोचवली. पण त्या हाकेला ओ देणं ज्याच्यावर बंधनकारक होतं किंवा ज्याच्या जिवाशी होतं, असं कुणी जिथे होतं, तिथेच ती कामाला आली. एरवी ती हवेत विरली, मग पाठवणारे लाख असोत की दहा.

हे समजायला जरा मागे जावं लागतं. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली स्थापन झाली. गोरेगाव पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, सुमारे १२८७ हेक्टर जमीन. त्यात गोठे, सरकारी कार्यालयं, आणि वसाहतीच्या कितीतरी आधीपासून असलेले वारली, कोकणा, मल्हार कोळी लोकांचे २७ पाडे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही साडेतेहेतीस किलोमीटरची मेट्रो ३ आखली गेली तेव्हा तिच्या गाड्या उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला, म्हणजे कारशेडला, इथली ३० हेक्टरच्या आसपास जागा ठरली. २०१४-१५ मध्ये विरोध सुरू झाला. सरकारने नेमलेल्या समितीतल्या दोन तज्ज्ञांनीही मिठी नदीच्या काठची ही जागा नको, असं वेगळं मत नोंदवलं होतं. तेव्हा या सगळ्याची बातमी पेपरच्या आतल्या पानावर येई. माझ्यासारख्या उपनगरात राहणाऱ्या बाईला आरे म्हणजे पवईला जायचा सावलीचा रस्ता, एवढंच माहीत होतं.

मधल्या चार-पाच वर्षांत दोन गोष्टी घडल्या आणि त्या एकमेकींना येऊन मिळाल्या. एक, २०१६ नंतर मोबाइल डेटा इतका स्वस्त झाला की व्हिडिओ पाठवताना कुणी विचार करेनासं झालं. आणि दुसरी, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही ती अशी की आरेत काही माणसं रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन फिरत होती. त्याच्याही आधी झीशान मिर्झा आणि राजेश सानप या तरुण अभ्यासकांनी इथून विंचवाची एक नवी जात शोधली होती, तिच्या शास्त्रीय नावातच आरे आहे. बिबट्यांसाठी झाडांना कॅमेरे बांधले गेले. राष्ट्रीय उद्यान आणि भोवतालच्या पट्ट्यात, आरे धरून, २०१५ च्या मोजणीत ३५ बिबटे नोंदले गेले आणि २०१८ मध्ये ४७. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, म्हणून फोटो शेजारी-शेजारी ठेवून एकेक जनावर वेगळं ओळखायचं, असं हे डोळे शिणवणारं काम. "ही पडीक जागा आहे, इथे जंगलच नाही" असं जेव्हा सांगितलं जाऊ लागलं, तेव्हा हीच छायाचित्रं आणि हीच नावं घराघरातल्या फोनवर फिरली. ऑनलाइन मोहिमेकडे दाखवायला काहीतरी होतं, कारण कुणीतरी आधी चिखलात बसून ते टिपलं होतं. पाड्यांतल्या लोकांना मात्र बिबट्या फोटोत पाहायची गरज नव्हती. ते वाघोबाला पिढ्यान्‌पिढ्या पुजत आले आहेत.

आता हरकतींचं बघू, कारण या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे.

महाराष्ट्रात शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्याआधी जाहीर नोटीस काढायची, ती झाडावर लावायची, लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या. हा कायदा लिहिला गेला तेव्हा हरकत म्हणजे कागद होता. अर्जदाराने उद्यान खात्याच्या टेबलापर्यंत जायचं, पोचपावतीवर शिक्का घ्यायचा. किती माणसं एवढं करणार? गल्लीतल्या एका पिंपळासाठी पाच-दहा. पण ईमेल चालू झाला आणि त्याच दारातून पूर लोटला. तयार मजकूर, तयार पत्ता, खाली आपलं नाव घालून बटण दाबायचं. आरेच्या वेळी महापालिकेकडे सुमारे ८२ हजार हरकती जमल्या.

मीही त्यातली एक पाठवली. ते कसं केलं हे प्रामाणिकपणे सांगते. दुपारी चहा उकळत होता. मैत्रिणीने लिंक पाठवली होती. मजकूर इंग्रजीत होता, मी तो अर्धा वाचला, नाव टाकलं, पाठवून दिलं. चहा उतू जायच्या आत काम झालं. माझ्या सासूबाईंना मी संध्याकाळी हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "तू काय लिहिलंस?" मला सांगता येईना. मग त्यांनी मला बसवून मराठीत सहा ओळी सांगितल्या. त्यांच्या लहानपणी आरेच्या दुधाच्या बाटल्या यायच्या, सहलीला तिथे नेलं होतं, आता नातीला कुठे नेणार, असं काहीसं. मी ते टाइप करून वेगळं पाठवलं.

माझ्या दोन हरकतींत फरक होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण यंत्रणेच्या लेखी दोन्ही एकच. एकसारख्या मजकुराच्या हजारो ईमेलना ‘मुद्दा एकच’ म्हणून एका ओळीत गुंडाळणं कुठल्याही कार्यालयाला सोपं असतं. कायदा हरकती मागवायला सांगतो, किती हरकती आल्यावर थांबायचं हे सांगत नाही. २९ ऑगस्ट २०१९ ला वृक्ष प्राधिकरणाच्या बैठकीत २१८५ झाडं तोडायला आणि ४६१ झाडं दुसरीकडे लावायला बहुमताने मंजुरी मिळाली. त्यानंतर तज्ज्ञ म्हणून नेमलेल्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले.

मग ८२ हजार वाया गेले का? मला तसं वाटत नाही. त्या आकड्याने झाडं वाचली नाहीत, पण ज्यांनी बटण दाबलं त्यांच्यातले बरेच जण त्या दिवसापासून आरेचे झाले. बटण दाबणाऱ्याला पुढचा निरोप येतो: रविवारी या. आणि लोक आले. सप्टेंबरमधले ते रविवार मला आठवतात. भर पावसात, छत्र्या धरून, रस्त्याच्या कडेने लांबच लांब मानवी साखळी. लतादीदींनी ट्वीट करून झाडं तोडू नका म्हटलं, सिनेमातली काही मंडळी स्वतः आली, आणि कॅमेरे त्यांच्यामागे. पण साखळीत उभं राहायला हात लागतात आणि ते बहुतेक हात कॉलेजातल्या पोरांचे होते.

यात तंत्राचा एक छोटा तपशील मला फार बोलका वाटतो. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपच्या एका गटात २५६ माणसंच मावत. आणि अफवांमुळे झालेल्या हत्यांनंतर कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा २०१८ मध्ये घातली होती. म्हणजे हाक एकदम लाखांना देता येत नव्हती. ती माणसामाणसांतूनच जायची. प्रत्येकाने निवडायचं, कुठले पाच? मी माझे पाच निवडले तेव्हा सोसायटीचा गट वगळला, कारण तिथे मेट्रोची वाट पाहणारे जास्त होते. माझ्या शेजारणीने नेमका तोच निवडला. रात्री साडेअकराला तिथे जे भांडण जुंपलं त्यातून आमच्या मजल्यावरचे दोन मुलगे स्कूटर काढून आरेला गेले. माझ्या शहाणपणाने ते झालं नसतं.

भांडण होणारच होतं, कारण मेट्रो हवी असणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती. मुंबईच्या लोकलमध्ये आणि रुळांवर त्या काळात वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरत होती. लटकत जाणाऱ्या माणसाला कारशेडसाठीची तोड हा सौदा परवडणारा वाटला तर त्याला निसर्गशत्रू म्हणणं मला कधीच पटलं नाही. मेट्रो महामंडळानेही हे जाणून ‘आरे ऐका ना’ अशी हाक देत स्वतःची मोहीम चालवली. महामंडळाच्या तेव्हाच्या व्यवस्थापकीय संचालक अश्विनी भिडे स्वतः ट्विटरवर उत्तरं देत. एक सरकारी अधिकारी लोकांशी थेट, नावानिशी वाद घालते हे त्यातलं मोलाचं होतं, मतं मला पटोत न पटोत. पण ट्वीटच्या जागेत ‘झाडं की मेट्रो’ एवढंच मावलं. खरा प्रश्न ‘कारशेड कुठे’ हा होता. त्याला नकाशे लागतात, जागेची मालकी लागते, पुराचं पाणी कुठे जातं हे समजून घ्यावं लागतं. ते ज्यांनी केलं ते न्यायालयात होते, आणि त्यांचं कुणी फारसं पुढे पाठवत नव्हतं.

त्या रात्रीकडे परत येते. तोड सुरू झाल्याचं कळताच शेकडो लोक कारशेडच्या जागेकडे निघाले. काही फाटकातून आत घुसले, पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. तिथे वाद पेटला तो एका तारखेवर. परवानगी दिल्यावर पंधरा दिवस थांबायला हवं, आणि आदेश तर महापालिकेच्या संकेतस्थळावर आत्ता चढवला आहे, असं आंदोलकांचं म्हणणं. भिडे यांनी ट्विटरवरच उत्तर दिलं: आदेश १३ सप्टेंबरचा आहे, पंधरा दिवस २८ सप्टेंबरला संपले. कागदावरची तारीख आणि संकेतस्थळावर दिसण्याची तारीख यांतली कुठली खरी धरायची, हा प्रश्न रात्री फोनच्या उजेडात लोक एकमेकांना विचारत होते आणि पलीकडे करवत चालूच होती. नागरिकाला कळणं ही आता पडद्यावर घडणारी गोष्ट आहे. कायद्याची मुदत मात्र सही-शिक्क्यापासून मोजली गेली. वाद सुटायला वेळ हवा होता आणि तो करवतीच्या बाजूने धावत होता.

शनिवारी पहाटेपासून जमावबंदी लागली, आरेत जाणारे रस्ते पोलिसांनी बंद केले. २९ जणांना अटक झाली, सरकारी कामात अडथळा आणल्याची कलमं लावून. त्यांत विद्यार्थी होते, नोकरदार होते, पाड्यांतले लोक होते. त्या शनिवारी फोनचं काम एकदम बदललं. झाडांचे फोटो थांबले आणि नावांच्या याद्या फिरू लागल्या: कोण कुठल्या ठाण्यात आहे, कुणाची परीक्षा आहे, कुणाच्या घरी अजून सांगितलेलं नाही, वकील कोण जातोय. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात तंत्रज्ञानाचा सर्वांत नेमका वापर झाला तो इथे. प्रत्येक निरोपाच्या टोकाला एक ठरलेलं काम होतं आणि ते करणारा ठरलेला माणूस. रविवारी सुट्टीच्या न्यायालयात सगळ्यांना जामीन मिळाला, सात-सात हजारांच्या जातमुचलक्यावर, पुन्हा अशा आंदोलनात पडायचं नाही या अटीसह.

त्याच रविवारी दुसरीकडे एक पत्र लिहिलं जात होतं. दिल्लीजवळ शिकणारे कायद्याचे विद्यार्थी, आरेशी त्यांचा संबंध बातम्या आणि व्हिडिओंपुरता. सर्वोच्च न्यायालयाला दसऱ्याची सुट्टी लागलेली. त्यांच्यातल्या एकाने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, शिष्टमंडळ ते घेऊन गेलं. न्यायालयाने ते पत्रच जनहित याचिका मानलं आणि सोमवारी सकाळी विशेष खंडपीठ बसेल असं संकेतस्थळावर जाहीर केलं. ७ ऑक्टोबरला न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि अशोक भूषण यांनी आणखी एकही झाड तोडू नका म्हणून सांगितलं. सरकारतर्फे उत्तर आलं की हवी तेवढी झाडं तोडून झाली आहेत.

पत्राचं काय झालं ते पाहा आणि ८२ हजार ईमेलचं काय झालं ते पाहा. पत्र एकच होतं. पण ते अशा दारी गेलं जिथे पत्राचीही याचिका करायची परंपरा आहे, आणि ते लिहिणाऱ्याला ही परंपरा माहीत होती. मुंबईतला अंधारातला व्हिडिओ त्या मुलांपर्यंत पोचला नसता तर पत्र लिहिलं गेलं नसतं. आणि नुसता पोचून, ‘फार वाईट झालं’ म्हणत पुढे ढकलला गेला असता, तरीही नसतं. दोन दिवस उशीर झाला, हे दुःख मात्र कशानेही भरून येत नाही.

ज्यांचं यात सगळ्यात जास्त गेलं ते पडद्यावर सगळ्यात कमी दिसले. प्रजापूरपाड्यातली कुटुंबं मेट्रोच्या कामासाठी त्याआधीच, २०१७ मध्ये, पाड्यावरून उठवून इमारतीत हलवली गेली होती. तेव्हा हॅशटॅग नव्हता, मानवी साखळी नव्हती. भाजीचा वाफा, आंबा-चिकूची झाडं, अंगणातला चुला हे सगळं चौथ्या मजल्यावर कसं नेणार? आम्ही शहरातले लोक ‘मुंबईची फुप्फुसं’ म्हणून झाडांसाठी रडलो. पाड्यातल्या माणसाला ते फुप्फुस नाही, घर आहे. रविवारच्या सभांमध्ये पाड्यांतल्या बाया आणि पुरुष वारली गाणी म्हणत, आपल्या बोलीत बोलत, तेव्हा कितीतरी फोन वर व्हायचे. चित्रण व्हायचं, पण खाली मजकूर इंग्रजीत लिहिला जायचा आणि त्यात बोलणाऱ्याचं म्हणणं एका ओळीत उरायचं. हा दोष यंत्राचा नाही, आमचा आहे. मी स्वतः असे दोन व्हिडिओ पुढे पाठवले आहेत आणि त्यांतल्या बाईचं नाव मला आजही सांगता येत नाही.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. २९ नोव्हेंबर २०१९ ला नव्या मुख्यमंत्र्यांनी, उद्धव ठाकरे यांनी, कारशेडला स्थगिती दिली, गुन्हे मागे घेण्याची घोषणा झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचं आणि आरेतली ८०० एकर जागा राखीव वन करण्याचं जाहीर झालं. त्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने कांजूरच्या जागेच्या हस्तांतरणाला स्थगिती दिली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि जुलैत आरेवरची स्थगिती उठली. रविवारच्या सभा पुन्हा सुरू झाल्या, गर्दी मात्र २०१९ ची नव्हती. तोच हॅशटॅग, तेच गट, फोन आणखी वेगवान. पण २०१९ मध्ये विशीत असलेले कितीतरी जण आता दुसऱ्या शहरात नोकरीला होते, आणि झाडं तर गेलेलीच होती. ५ ऑक्टोबर २०२४ ला, त्या शनिवारनंतर बरोबर पाच वर्षांनी, आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) मेट्रोचं उद्घाटन झालं. मी त्या गाडीने जाते. गार हवेत बसून वीस-पंचवीस मिनिटांत पोचते आणि लोकलमधल्या बायकांची आठवण येऊन बरंही वाटतं.

तरी या सगळ्या आकड्यांत माझ्या मनात एक अडकून बसला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाला आणखी ८४ झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे जायची मुभा दिली. काही महिन्यांनी परवानगी निघाली ती १७७ झाडांची: १२४ तोडायची, ५३ हलवायची. न्यायालयाने ८४ ची मर्यादा ओलांडल्याबद्दल १७ एप्रिल २०२३ ला महामंडळाला दहा लाखांचा दंड केला, तोड मात्र होऊ दिली. आकडा वाढला कसा, याचं महामंडळाने दिलेलं कारण साधं होतं. ८४ ही मोजणी २०१९ ची होती. मधल्या काळात काम बंद होतं, आणि तेव्हाची झुडपं वाढून झाडं झाली होती.